दसऱ्याला चिप येणार होती

शेवटचं आम्ही नवरा-बायकोने मिळून काय केलं, तर वाल सोलले. कार्तिकातली दुपार होती. पडवीत मधे परात, एका बाजूला ती, एका बाजूला मी. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले. बोटांत धरून दाबले की डाळ सुटून येते. तिचे दहा व्हायचे तोवर माझे चार. आणि सोलता सोलता बोलणं चाललं होतं ते कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं. पुढचा कधी निघणार आणि त्याचं नाव काय ठेवणार.

ज्याला हसायचं त्याने हसून घ्यावं. मी चौथी पास. ती दुसरीत असताना धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी बसली, ती बसलीच. आम्हा दोघांनाही कॉम्प्युटर सुरू करता येत नाही. पण गेली पाच वर्षं आमच्या घरात त्या एका वस्तूवर जेवढं बोलणं झालं तेवढं केळीवर झालं नसेल. आणि वसईजवळ सांडोरला आमची केळीची वाडी आहे, जन्म तिच्यात गेला.

"या बारीला निर्मळ नाव ठेवतील बघा," ती म्हणाली. "तळ्यांचीच नावं देतात ना ते? मग आपल्या निर्मळच्या तळ्यानं काय घोडं मारलंय?"

"अमेरिकेतल्या लोकांनी निर्मळचं तळं बघितलंय कधी?"

"मी त्यांचं बघितलंय का? तरी नाव घेतेच ना."

"बरं. आणि निघणार कधी?"

"ते आता तुम्ही नका सांगू. तुमचं केळफूल वांझ निघालं."

असं म्हणून हसली. हसता हसता खोकली. परात सारून चहा टाकायला उठली आणि चौकटीला हात लावून उभी राहिली. "जरा दम घेते," म्हणाली. मी रिक्षा आणली. रिक्षात ती स्वतःच्या पायांनी बसली. दिवेलागणीच्या आत ती गेली होती.

त्या वांझ केळफुलाचंच सांगायचं आहे. दुसरं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

आम्हाला एकच मुलगा. अमेरिकेत असतो. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहे. लागला तेव्हा मी फोनवर विचारलं, "म्हणजे तू नेमकं करतोस काय?"

"बाबा, नखाएवढी चिप असते. तिच्यात विजेला जायला वाटा कोरलेल्या असतात. मोजता येणार नाहीत इतक्या. त्यातल्या एका कोपऱ्यातल्या वाटा मी आखतो."

"म्हणजे पाट काढतोस."

तो म्हणाला, "हो. पाटच."

मला बरं वाटलं. त्याच्या आज्याने वाडीत पाट काढले, मी काढले, हाही काढतो. आमच्या पाटात पाणी, त्याच्या पाटात वीज.

"आनि पाट फुटला तर?" हिने मागून विचारलं. तिचं माहेर खाडीकडचं, भातशेतीचं. तिच्या तोंडात ण कधी बसला नाही. पन्नास वर्षं मी चिडवत होतो.

"तर सगळं परत, आई," तो म्हणाला.

कोणत्या चिपचं काम चाललंय, तिचं नाव काय, ती बाजारात कधी निघणार, यातलं काही तो सांगत नसे. कंपनीला लिहून दिलंय म्हणे. ही रुसायची. "पोटच्या पोराला पोटातलं सांगता येत नाही, कसली ती कंपनी!" एकच गोष्ट तो सांगायचा. दर रविवारी सकाळी फोन यायचा आणि शेवटी हे वाक्य यायचं: "हे काम निघालं की येतो, चांगला महिनाभर."

एकदा तसा आलाही. चिप वेळेवर निघाली आणि पंधरवड्यात पोरगा दारात. महिनाभर राहिला, वाडीत लुंगी लावून फिरला. पुढच्या वेळी चिप लांबली. आधी तीन महिने, मग आणखी सहा. तो आला नाही. तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं की पोरगा चिपला बांधलेला आहे आणि आम्ही पोराला. चिपची तारीख कळली तर पोराची कळेल.

तो सांगणार नाही, तर आपण काढू. असा तो खेळ सुरू झाला.

वसईच्या बाजारात एका बाईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार, पॅन, लाइट बिल, सगळं करतात. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. वाडीतली भाजी बाजारात देऊन झाली की आम्ही दोघं त्यांच्या बाकड्यावर बसायचो आणि त्या कॉम्प्युटरवर शोधून वाचून दाखवायच्या. पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

"काका, प्रोसेसर? नवीन घ्यायचाय?"

"नाही. कधी निघणार ते बघायचंय."

"ये तो सब लीक है, काका. कंपनीने काहीच सांगितलं नाहीये. लोक आपले अंदाज करतात."

"लीक म्हणजे?"

"आतली बातमी गळते ना, ती."

"आमच्याकडे काही गळलं की आम्ही खाली बादली लावतो," मी म्हटलं. "हे लोक तोंड लावून पितात."

मॅडम हसल्या, पण वाचून दाखवायच्या. जगात एवढी रिकामी माणसं आहेत हे मला तिथे कळलं. कोणी म्हणे अमुक महिन्यात निघेल, कोणी म्हणे नाही, पुढच्या वर्षी. पुढची अजून जन्मली नाही तर तिच्या पुढचीचं नाव काय, यावर भांडणं. तळ्यांची नावं असतात, नद्यांची असतात. मग नावामागे आकडा, आकड्यामागे अक्षर. आमच्यात तसं नाही. तांबडी म्हटली की तांबडी केळी, वेलची म्हटली की वेलची. नाव ऐकलं की माल दिसतो. त्यांची नावं ऐकून काही म्हणजे काही दिसत नाही.

हिचं म्हणणं वेगळंच होतं. "बारशाच्या आधी नाव घेतात, म्हनून अडतं त्यांचं. पोर पोटात असताना कोनी नाव गाजवतं का? दृष्ट लागनार नाही तर काय!"

"मावशी, बरोबर बोललात," मॅडम म्हणायच्या. "कंपनीला कळवू का?"

"कळवा. आमचं नाव सांगू नका पन. पोराची नोकरी जायची."

असं चाललं होतं. बरं चाललं होतं.

मागच्या वर्षी ज्येष्ठात, एका रविवारी तो फोनवर खुशीत होता. बोलता बोलता म्हणाला, "या आठवड्यात टेप-आऊट झालं, बाबा. दोन रात्री झोपलो नाही."

"आऊट झालं? बाहेर पडलं?"

"हो, आमच्या हातून बाहेर पडलं. आता फॅक्टरीत." मग त्याला वाटलं असणार की जास्त बोललो. विषय बदलला.

फोन ठेवला आणि मी हिला म्हटलं, "केळफूल पडलं."

केळीवाल्याला हे समजेल. झाड वर्षभर नुसती पानं काढतं, तोवर कोणी काही सांगू शकत नाही. पण एकदा केळफूल बाहेर पडलं की तारीख पक्की. तिथून घड उतरवायला किती दिवस, हे मी वाडीत उभा राहून सांगायचो. चार दिवस इकडे नाही, चार दिवस तिकडे नाही. व्यापारी माझ्या शब्दावर टेम्पो पाठवायचे. ज्येष्ठातलं केळफूल म्हणजे दसऱ्याला घड. मी बोटांवर मोजलं आणि सांगून टाकलं, "दसऱ्याला चिप बाजारात. दिवाळीला पोरगा घरात."

ही लगेच म्हणाली, "नक्की ना?"

"माझं केळफूल कधी चुकलंय?"

कधीच चुकलं नव्हतं. तीच तर फजिती.

मॅडमनी त्याच आठवड्यात वाचून दाखवलं होतं. "काका, इथे लिहिलंय पुढच्या वर्षी. उन्हाळ्यात."

"अफवा आहेत असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणाले खरं."

"मग?"

मॅडमनी पुढचं गिऱ्हाईक घेतलं. अफवा बरोबर निघाली. मी चुकलो.

आषाढात हिला दम लागायला लागला. कळशी उचलवेना, बसच्या पायऱ्या चढवेनात. वसईच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी करवली आणि आम्हाला दोघांना समोर बसवलं. चांगला माणूस, आवाज न चढवणारा. म्हणाले, "झडप खराब झालीये. ऑपरेशन लागेल. पंधरा दिवसांत करून घ्या, मी मुंबईला चिठ्ठी देतो."

ही म्हणाली, "मुलगा येनार आहे, डॉक्टर. तो आला की करू."

"कधी येणार?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "दसऱ्याला."

"तीन महिने? आजी, एवढं थांबू नका. मुलाला आत्ता बोलवा."

"त्याचं मोठं काम चाललंय," ती म्हणाली. "मधेच बोलावलं तर त्याचं नाव खराब होईल. तो दारात उभा असला की मी आत जाईन. त्याच्याशिवाय नाही."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "काका, तुम्ही समजवा."

मी समजावायला पाहिजे होतं. मी तिला ओरडलो असतो तर ती ऐकती. आयुष्यात दोन-तीनदा ओरडलोय, ऐकलंय तिने. पण माझ्याही मनात तेच होतं. पोरगा असला की बरं. मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघं म्हणजे बाजारात चुकलेली गुरं. आणि तारीख तर माझ्या खिशात होती. मी म्हटलं, "दसरा काही लांब नाही."

डॉक्टरांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. सल्ला दिला आहे, धोका समजावला आहे, मुलगा येईपर्यंत थांबतो असं नातेवाईक म्हणतात. "इथे सही करा." मी केली. माझी सही सावकाश होते. डॉक्टर थांबले.

मुलाला काही सांगायचं नाही, असं तिने मला देवासमोर बोलायला लावलं. रविवारी फोनवर ती दम न लागता बोलता येईल इतकंच बोलायची. दोन वाक्यं आणि फोन माझ्याकडे. तो म्हणायचा, "आई हल्ली कमी बोलते." मी म्हणायचो, "तुझी आई? कमी?"

दसरा आला. आम्ही सकाळीच मॅडमकडे गेलो. त्यांनी पुष्कळ शोधलं. काही नव्हतं. दिवाळी आली. रविवारी तो म्हणाला, "आमच्याकडे परत एकदा सगळं तपासावं लागतंय, थोडं लांबेल." त्या आठवड्यात मॅडमकडून परत येताना रिक्षात ही म्हणाली, "असू दे. केळीला पन कधीकधी थंडी लागते." माझी समजूत काढत होती. माझी.

ती गेल्यावर मी मुलाला फोन केला. पेटी आणून तिला बर्फात ठेवली. पोरगा दीड दिवसात आला.

दीड दिवस. मला वाटत होतं अमेरिका लांब आहे.

तिला पोचवून आलो. तो पडवीत बसला होता. मी विचारलं, "रजा मिळाली?"

"बाबा, अशा वेळी कोण नाही म्हणतं? आई आजारी आहे एवढं कळवलं असतंत तरी आलो असतो."

"आणि चिप?"

"ती काय माझ्यासाठी थांबते? माझ्यासारखे शेकडो आहेत तिथे."

मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण त्याने वाचलं होतं. मग त्याने विचारलं, "डॉक्टरने आधी काहीच सांगितलं नव्हतं? एवढी झडप खराब होईपर्यंत?"

त्याच्या डोक्यावरून नुकता वस्तरा फिरला होता. लहानपणी जावळ काढलं तेव्हा दिसला होता तसा दिसत होता. त्या डोक्यावर आणखी काही ठेवायला मन झालं नाही. मी म्हटलं, "नाही."

एक शब्द. त्यात मी अडकलो.

तेराव्यानंतर तो गेला. दर रविवारी फोन यायचा, पण आता त्यात डॉक्टरच असायचा. "त्याला सोडणार नाही मी. आईची फाईल शोधा, मॅडमकडून स्कॅन करून पाठवा." फाईल तांदळाच्या पिंपामागे मी स्वतः ठेवली होती. मी म्हणायचो, "सापडत नाही." पुढच्या रविवारी, "अजून नाही सापडली?" त्याने डॉक्टरांना पत्र पाठवलं. वकिलाशी बोलला. मी वसईला जाणं टाकलं. दवाखाना बाजाराच्या वाटेवर आहे. भाजी शेजाऱ्याबरोबर पाठवायला लागलो. वाडीच्या तिन्ही अंगांना बिल्डिंगी उठल्यात, चौथ्या अंगाला रस्ता, आणि त्या रस्त्यावर मी पाऊल टाकत नव्हतो. पुढे सरकावं तर मुलगा, मागे सरकावं तर डॉक्टर. खरं सांगितलं तर पोराला कळणार की आई त्याच्यासाठी थांबली. नाही सांगितलं तर ज्या माणसाने परत परत सांगितलं होतं त्याच्या तोंडाला काळं.

आणि दोघांच्या मधे तिने घातलेली शपथ. शपथ घेणारा मी, घालणारी गेली. सोडवणार कोण?

परवाच्या रविवारी, वैशाखातच, फोन आला. त्याचा आवाज वेगळा होता.

"बाबा, निघाली! आज जाहीर केली."

तोंडातून सवयीनेच गेलं, "नाव काय ठेवलं?"

"नाव कुठलं? आकडे आहेत. ती तळ्याबिळ्यांची नावं आतल्या आत असतात, बाबा. दुकानात आकड्यानेच विकतात."

पाच वर्षं आम्ही नावं काढत होतो. निर्मळ, पापडी, आपल्याकडची सगळी तळी.

"आता महिनाभर रजा," तो म्हणाला. "शनिवारी येतो. पहिलं काम त्या डॉक्टरचं. समोर जाऊन बसतो."

येतो. हा शब्द ऐकायला आम्ही दोघं कान लावून बसलो होतो, आणि आता तो आला तेव्हा मला वाटलं, याने येऊ नये. बापाला असं वाटावं, म्हणजे आता पुरे झालं.

मी म्हटलं, "डॉक्टरने सांगितलं होतं."

"काय?"

"आषाढातच सांगितलं. पंधरा दिवसांत ऑपरेशन करा म्हणाले. आम्ही थांबलो. माझी सही आहे."

"का थांबलात?"

"तू दसऱ्याला येशील म्हणून."

"मी? दसऱ्याला? मी कधी म्हणालो?"

"तू नाही. मी म्हणालो. तू टेप-आऊट झालं म्हणालास ना, मी केळफुलासारखं धरलं. साडेतीन-चार महिने."

तो अगदी हळू म्हणाला, "बाबा, टेप-आऊटपासून वर्ष लागतं."

"कळलं मला. उशिरा."

"मला एकदा विचारायचं होतंत."

"तू सांगत नव्हतास, बाळा. लिहून दिलं होतंस."

असं बोलायला नको होतं. खरं होतं, पण नको होतं. तो रडत होता की पाणी पीत होता कळलं नाही. "मी नंतर बोलतो," म्हणाला आणि फोन ठेवला. दिवसभर मी फोन कमरेला लावून वाडीत फिरलो. वाजला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपामागची फाईल काढली, पुसली आणि पहिल्या बसने वसईला गेलो. दवाखाना उघडायचा होता. पायरीवर बसलो. कंपाउंडरने कुलूप काढता काढता विचारलं, "कोणाला दाखवायचंय, काका?"

"कोणाला नाही. डॉक्टरांना सांगायचंय."

"तरी नंबर लावावा लागेल."

"लाव."

सातवा नंबर आला. आत गेलो तर डॉक्टर उठून उभे राहिले. पत्रामुळे असेल. मला म्हणाले, "काका, तुमच्या मुलाचं पत्र…"

"त्याचंच सांगायला आलोय," मी म्हटलं. "तुम्ही काही सांगितलं नाही, असं मी पोराला सांगितलं होतं. खोटं बोललो. काल त्याला खरं सांगितलंय. तुम्हाला आज सांगतो."

फाईल टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "बसा."

मी बसलो नाही. बाहेर अजून माणसं होती.